झुंबर फोटोवाल्याची लांबची लेन्स

...तर तो अर्धा कान. तिथवरच आलो होतो आपण. अर्धा कान, मिशीचं एक टोक आणि फेट्याचा वाऱ्यावर उडालेला शेव, एवढेच तात्याबा त्या फोटोत होते. बाकीचे सगळे तात्याबा फोटोच्या बाहेर. आणि फोटो तरी कुठला? लग्नातला सगळ्यात मोठा, अल्बमच्या मधल्या दोन पानांवर पसरलेला, दोन्ही घरची झाडून सारी माणसं एका ओळीत उभी असलेला.

हे तात्याबा सांगवीचे. नवरदेव इंद्रजित त्यांचा पुतण्या. इंद्रजितचे वडील लवकर गेले, तेव्हापासून त्या घरात पान हलायचं ते तात्याबांच्या शब्दानं. नवरी सणसरच्या आप्पासाहेबांची राजलक्ष्मी. लग्न पंच्याण्णव सालच्या वैशाखात झालं, आषाढात अल्बम सांगवीला पोचला आणि तात्याबांनी तो उघडला. उघडला तसा मिटला. फडताळात ठेवून दिला.

पुढं पंचमीला राजलक्ष्मीचा भाऊ सूरज मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला गेला, तर तात्याबा म्हणाले, "घरात कामं हायेत. पुढं बघू." गणपतीला तेच. दसऱ्याला तर नुसती मान हलवली. आता पहिली दिवाळी आली होती तोंडावर, आणि लेक पहिल्या दिवाळीला माहेरी आली नाही तर गावात काय बोलतील ते सांगायला नको. सूरजनं येताना तो अल्बमच परत आणला होता. तात्याबांनी त्याच्या हातात ठेवून म्हटलं होतं, "आमचं ह्यात काय न्हाय."

आप्पासाहेब तेव्हापासून तो अल्बम मांडीवर घेऊन बसायचे आणि फोटोच्या कडेवरनं बोट फिरवायचे.

"अवं, बोटानं घासून का तात्याबा आत येणार हायेत?" त्यांची बायको कुशाबाई म्हणाल्या.

"कुणीतरी कापलाय गं. आपसूक झालेलं न्हाय हे."

"कापलाय तर कापलाय. माझी पोरगी आणा."

"त्याचसाठी बघतोय. कुणी कापलं ते कळल्याबिगर तात्याबापुढं जाऊ कसा?"

आता आप्पासाहेबांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक नाही. कारखान्यावर उसाची गाडी काट्यावर चढली की बाकीचे काट्याकडं बघायचे, हे काटेवाल्याच्या डोळ्यांकडं बघायचे. एसटीत शेजारचा माणूस गोड बोलला की यांचा हात खिशावर. बायकोनं भाजीत मीठ बरोबर घातलं तर विचारायचे, "आज काय विशेष?" असा माणूस. त्यानं मनातल्या मनात सगळं लग्न उलटं फिरवलं आणि एका जागी येऊन थांबला. फोटोवाला कुणी सुचवला? महिपतीनं.

महिपती म्हणजे आप्पासाहेबांचा चुलतभाऊ. दोघांच्या रानांमधला बांध कधी याच्याकडं सरकायचा, कधी त्याच्याकडं. लग्नाच्या तयारीत हा महिपती आपण होऊन आला होता आणि म्हणाला होता, "इंदापूरच्या झुंबर मदन्याला सांगा आप्पा. त्याच्यासारखा फोटू कुणी काढत न्हाय." आणि हसला होता. तेव्हा ते हसणं आप्पासाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता रोज रात्री डोळे मिटले की तेवढं हसणंच दिसायचं.

मग एक दिवस आप्पासाहेबांनी राजदूतला किक मारली आणि इंदापूर गाठलं. सरळ झुंबरच्या स्टुडिओत मात्र गेले नाहीत. समोर धोंडाबाईचं चहाचं हॉटेल होतं, तिथल्या बाकावर बसले आणि पेपर तोंडापुढं धरला. महिपती येतो का, कुणाकरवी निरोप येतो का, ते बघत. एक चहा झाला. दुसरा झाला. महिपती काही आला नाही. एक शाळामास्तर आले, फोटो घेऊन गेले. एक बाई तान्हं बाळ घेऊन आली.

"ह्यो फोटूवाला झुंबर कसा काय मानूस?" आप्पासाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"का? पोरगी द्यायचीय?" धोंडाबाई म्हणाली. "त्याला दोन पोरं हायेत."

"न्हाय गं बाई. फोटू काढायचाय."

"मग जावा की आत. हितं बसून कसा निघंल?"

"न्हाय, म्हणलं मानूस सरळ हाय का?"

धोंडाबाईनं फडक्यानं किटली पुसली. "सरळ हाय. पर जवळ म्हणून येत न्हाय. चा घेतो न् रस्त्याच्या पल्याड जाऊन पितो. मी एकदा म्हणलं, का रं बाबा, आमच्या हितं वास येतो का? तर म्हणतो, न्हाय मावशी, हितनं तुजं सगळं हाटेल एकदम दिसतं."

दुसऱ्या कुणाला हे ऐकून हसू आलं असतं. आप्पासाहेबांनी पेपरची घडी घातली. रस्त्यापलीकडं उभा राहून चहा पिणारा माणूस! म्हणजे कुणी यावं आणि कुणाला कळू नये, अशी सोय. चहाचं निमित्त.

ते उठले, रस्ता ओलांडला आणि स्टुडिओत शिरून म्हणाले, "पासपोर्टचा फोटू काढायचाय." झुंबरनं ओळखलं. उंच, हडकुळा, खांदे पुढं झुकलेला माणूस. "आप्पा, बसा बसा," म्हणत त्यानं स्टूल पुसलं, मागं निळा पडदा सोडला, दोन्ही दिवे लावले. आणि कॅमेरा घेऊन दुकानाच्या बाहेर निघून गेला.

आप्पासाहेब स्टुलावर एकटे. बघतात तर हा गडी दाराबाहेर, गटारावरच्या फरशीवर उभा. मागनं सायकली जातायत, घंटा वाजतायत, आणि हा डोळ्याला कॅमेरा लावून तिथनं म्हणतोय, "हनुवटी जरा खाली. हां. हलू नका."

"आत ये की रं!"

"आत मावत न्हाय आप्पा."

"काय मावत न्हाय? एवढी खोली मोकळी हाय!"

"तुमी मावत न्हाय."

फोटो निघाला. पण आप्पासाहेबांची खात्री अशी झाली, की ज्याला गिऱ्हाइकाच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही त्याच्या पोटात काहीतरी आहे. त्यांनी स्टूल सोडलं नाही. तिथनंच म्हणाले, "झुंबर, तू माझ्या व्याह्याला कापलंस. कुणाच्या सांगण्यावरनं?"

झुंबर आत आला. आत म्हणजे उंबऱ्यापर्यंत. "मी न्हाय कापलं आप्पा. मागं गोठा आला."

"कुठला गोठा?"

"तुमचाच. मी मागं मागं सरकत गेलो. चुलवणावरनं वळसा घातला, वैरणीवरनं गेलो, न् पाठ टेकली गोठ्याला. ओळ काय समदी बसंना. कडंचा राह्यला."

"मग बारकी लेन्स लावायची! समद्यांकडं असती. अख्खी वरात त्यात बसती."

"माझ्याकडं न्हाय. हुती ती देऊन टाकली."

"कुणाला?" आप्पासाहेबांचे कान टवकारले. "महिपतीला?"

"महिपती काय करतोय लेन्स घेऊन? पुण्याच्या दुकानदाराला."

आता इथं झुंबरची हकिकत सांगावी लागते, नाहीतर पुढचं कळणार नाही. झुंबर मूळचा सुप्याकडचा, मेंढरांच्या घरचा. पोरगा चालायला लागला तसा कळपामागं लागला. त्या कामात उभं राहायची एक जागा असते. फार जवळ गेलं की मेंढरं बुजतात, एकमेकांत घुसतात, कोकरं पायाखाली येतात. फार लांब राहिलं की लांडगा नेतो. दोन्हींच्या मधी एक अंतर असतं. तिथं घोंगडं खांद्यावर टाकून उभं राहिलं की कळप आपला आपला चरत राहतो आणि त्यातली लंगडणारी एखादीही नजरेत राहते. झुंबरचा बाप तिथं उभा राहायचा, आजा तिथंच उभा राहायचा. पोराला कुणी शिकवलं नाही, पायांनाच ते कळलं.

बहात्तरच्या दुष्काळात कळप गेला. बाप खडी फोडायला गेला आणि झुंबर इंदापुरात एका फोटोवाल्याकडं फोटो धुवायला लागला. अंधाऱ्या खोलीत ट्रे हलवत मोठा झाला. मालक म्हातारा झाला, डोळे गेले, तेव्हा झुंबर लग्नाची कामं करू लागला. पुढं स्वतःचा यशिका कॅमेरा घेतला, त्यावर नेहमीची पन्नास मिलिमीटरची लेन्स.

आणि गिऱ्हाइकं भांडायला लागली. "ह्यात आमी कुठं हाय? नुसता मांडव दिसतोय!" खरंच, नवरानवरी अंगठ्याएवढी, वर मांडवाचं कापड आणि खाली सतरंजी. झुंबर ठरवायचा, आज जवळ जायचं. चार पावलं पुढं टाकायचा, माणसं त्याच्याकडं बघून ताठ व्हायची, आणि याचे पाय आपोआप मागं यायचे.

शेवटी गेला पुण्याला, लेन्स बघायला. दुकानदार हुशार. "कुठली हवी?" तर हा म्हणाला, "चांगली." दुकानदार म्हणाला, "तुमचे फोटो दाखवा आधी." झुंबरच्या पिशवीत होतेच. दुकानदारानं ते काचेवर पत्त्यांसारखे मांडले, एकेक बघत गेला, आणि म्हणाला, "अहो, तुम्ही लग्नाला जाता की लग्न राखायला?"

त्यानं दोन लेन्स काढून दिल्या आणि म्हणाला, दारात उभे राहा, दोन्हीतनं रस्ता बघा, जिच्यातनं बघताना पाय हलावेसे वाटणार नाहीत ती तुमची. झुंबरनं आधी रुंद बघणारी लावली. माणसं मुंगीएवढी दिसली, नीट बघायला पुढं सरकला तर रिक्षा अंगावर आली. "नको," म्हणाला. मग दुसरी लावली, एकशेपस्तीसची, दांड्यासारखी लांब, दूरचं जवळ आणणारी. पलीकडच्या फुटपाथवर एक म्हातारी फुलं निवडत होती. तिला ठाऊक नाही कुणी बघतंय ते. तिची बोटं, ओठांत धरलेला दोरा, सगळं दिसलं. झुंबर म्हणाला, "ही. ही माझी." दुकानदारानं बजावलं होतं, "पन्नासची देऊ नका बदल्यात, घोळक्याच्या फोटोला लागेल." झुंबर म्हणाला, "ठेवली तर पिशवीतच ऱ्हाईल." आणि देऊन आला.

ही सगळी हकिकत झुंबरनं उंबऱ्यावर उभं राहून सांगितली. पटण्यासारखी होती. आणि पटण्यासारखं काही ऐकलं की आप्पासाहेबांचा संशय दुप्पट व्हायचा.

"मग महिपतीनं तुझं नाव का सांगितलं?"

"त्याच्या बैलाचा फोटू काढला हुता बाजारात. बैलाला कळलं बी न्हाय. लय खूश झाला."

"बैल?"

"महिपती."

आप्पासाहेब उठले. "चल. हेच सांगवीत येऊन तात्याबांपुढं सांग. कॅमेरा घे संगं."

"आत्ता?"

"आत्ताच. न्हायतर तू घरी जाशील, कुणीतरी तुला भेटंल, न् उद्या तुझी गोष्ट बदलंल."

दोघं राजदूतवर निघाले. झुंबर मागं बसला होता तोही शक्य तितका मागं, आप्पासाहेबांच्या पाठीत आणि त्याच्यात एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. सणसर आलं तेव्हा आप्पासाहेबांनी गाडी थांबवली नाही, नुसती मान वळवून महिपतीच्या दाराकडं बघून घेतलं. बारामती ओलांडली आणि उन्हं कलायच्या आत सांगवीत शिरले.

तात्याबा पडवीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. पाहुण्यांना बघून उठले नाहीत. आतनं राजलक्ष्मी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बापापुढं ठेवला आणि वर न बघता आत गेली. आप्पासाहेब तांब्या हातात घेऊन आतल्या दाराकडं बघत राहिले. पोरगी वाळली होती, का त्यांना तसं वाटलं, कोण जाणे.

"काय काम काढलंत?" तात्याबा म्हणाले.

"ह्यो फोटूवाला. त्याच्याच तोंडून ऐका तात्या. मी काय सांगितलं न्हवतं त्याला."

"तुमी आणलेला मानूस तुमचंच बोलणार की, आप्पासाहेब. लग्न सांगवीत करा म्हणलो हुतो मी. तुमी तुमचंच खरं केलंत. ते तर केलंतच, वर मला फोटूतनं भाईर घातलं. कळतंय आमाला."

"तात्या, भंडाऱ्याची आण—"

"आण कशाला? ह्याच्या हातात मशीन हाय न्हवं? घे रं फोटू. आत्ता, समद्या घराचा. बघू दे, कुणाला कापतोस."

झुंबरच्या गोष्टीपेक्षा हे बरं, असं आप्पासाहेबांनाही वाटलं. घरातली माणसं अंगणात आली. इंद्रजित, त्याची आई, राजलक्ष्मी, जावा, शेजारची दोघंतिघं. ओळ लागली. आप्पासाहेब राजलक्ष्मीशेजारी उभे राहिले आणि त्यांनी डोळे झुंबरवर रोखले. आता त्याचं बोट कुठं जातं, कुणाकडं खूण करतो, ते सोडायचं नाही.

झुंबर मागं सरकू लागला. अंगण संपलं. फाटक ओलांडलं. रस्त्यावर गेला, तिथं एक बैलगाडी थांबली, गाडीवाला म्हणाला, "काय मोजणी हाय का?" झुंबर रस्ताही ओलांडून पलीकडच्या बाजरी काढलेल्या रानात गेला, ढेकळं तुडवत, आणखी मागं. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. इंद्रजित म्हणाला, "काकांनी घाबरवलं वाटतं. पळून चाललाय."

पार लांब जाऊन तो थांबला. कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. परत लावला. परत खाली. बटण काही दाबेना.

"आता कशाची वाट बघतोय ह्यो?" आप्पासाहेब पुटपुटले, आणि डोळे आणखी बारीक केले.

तेवढ्यात रानातनं हाक आली. "आप्पा! अवं आप्पा! माझ्याकडं काय बघताय? डाव्या हाताला बघा की!"

आप्पासाहेबांनी डावीकडं बघितलं. ओळीच्या अगदी शेवटी, शेजारणीच्याही पलीकडं, अंग अर्धं बाहेर वळवून तात्याबा उभे होते. फोटोकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते आप्पासाहेबांकडं बघत होते. पंगतीत पान मांडलंय, पण अजून कुणी "बसा" म्हटलेलं नाही, अशा पाहुण्यासारखं.

आणि आप्पासाहेबांच्या सगळं ध्यानात आलं. कारण ही रीत त्यांना काय कुणी सांगायला हवी होती? मानाचा माणूस कधी आपण होऊन मधी येत नाही. तो कडेला जाऊन उभा राहतो, आणि मुलीच्या बापानं जायचं, हाताला धरायचं, "तिकडं कुठं पाहुणं, हितं या" म्हणत मधी आणायचं. तो "नको नको" म्हणतो, हात सोडवतो, आणि येतो. दुसऱ्यांच्या लग्नांत आप्पासाहेबांनी स्वतः किती जणांना असं ओढून नेलं असेल. आणि पोटच्या पोरीच्या लग्नात? त्या घटकेला ते कुठं बघत होते ते त्यांना लख्ख आठवलं. महिपती चुलवणापाशी आचाऱ्याच्या कानाशी लागला होता, आणि ते महिपतीकडं बघत होते.

आजही तात्याबा कडेला जाऊन उभे राहिले होते. आजही आप्पासाहेब भलतीकडंच बघत होते.

ते ओळीतनं निघाले. सगळ्यांच्या पुढनं चालत गेले, तात्याबांचं मनगट धरलं. म्हणाले, "तात्या, तिकडं कुठं? हितं या. मधी या."

"ऱ्हाऊ द्या. हाय ते बरं हाय."

"या म्हणतो ना. चुकलो मी. वैशाखातच धरायला पायजे हुता हात."

तात्याबांनी हात सोडवल्यासारखं केलं. मग आले. इंद्रजितच्या आणि राजलक्ष्मीच्या मधोमध उभे राहिले, फेटा नीट केला. रानातनं कसलाही आवाज ऐकू आला नाही, पण झुंबरनं हात वर केला, म्हणजे फोटो निघाला.

"मला वाटलं, सांगवीत लग्न करा म्हणलो त्याचा राग काढला तुमी," तात्याबा समोर बघतच म्हणाले.

"न् मला वाटलं, महिपतीनं कापवलं."

"कोण महिपती?"

"हाय एक. सोडा."

तात्याबांनी सुनेकडं वळून न बघता म्हटलं, "राजलक्ष्मी, पिशवी भर. वसुबारसेच्या आधीच जा. भाऊबीज झाली की इंद्रजित येईल न्यायला. आन गेल्यावर आईला म्हणावं, तात्यांनी अडवलं न्हवतं, काम हुतं." राजलक्ष्मी आत पळाली ती पळतच बाहेर आली, पिशवी दसऱ्यापासनं भरलेलीच होती, हे सगळ्यांना कळलं आणि कुणी तसं दाखवलं नाही.

चहा झाला. आप्पासाहेबांनी पहिल्यांदाच कपातल्या चहाकडं न बघता चहा घेतला. तरी मनात होतंच, की महिपती आचाऱ्याशी बोलत तरी काय होता. झुंबर आपला कप घेऊन फाटकाशी जाऊन उभा राहिला होता. तात्याबा सुपारी कातरता कातरता त्याच्याकडं बघत होते. आता संशयानं त्यांना धरलं होतं.

"ए फोटूवाल्या. लग्नादिवशी बी दिसलं हुतं का तुला, मी कडंला हुबा हाय ते?"

"दिसलं हुतं तात्या. लांबनं लय झ्याक दिसतं."

"मग मलाच एक हाक का न्हाय मारलीस तवा?"

झुंबरनं कप फाटकाच्या खांबावर ठेवला आणि तिथनंच म्हणाला, "तुमास्नी मधी बोलवायचा मान व्याह्याचा, तात्या, फोटूवाल्याचा न्हवं. मी हाक मारली असती, तर तुमी आला असता व्हय?"